पॉपायचा पालक आणि ग्रंथालयांची रद्दी

पॉपायच्या पालकाची गोष्ट बहुतेकांना दोन हप्त्यांत कळलेली असते. पहिला हप्ता लहानपणी: पालकात लोह भरपूर, म्हणून तो एकडोळ्या खलाशी डबा दाबून फोडतो, पालक घशाखाली उतरवतो आणि समोरच्या धटिंगणाला लोळवतो. दुसरा हप्ता मोठेपणी, एखाद्या जास्त वाचलेल्या मित्राकडून: "अरे, ती सगळी चूकच होती. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन शास्त्रज्ञाकडून दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि पालकातलं लोह कागदावर दसपट झालं. त्या चुकीवर पॉपाय उभा आहे." हा दुसरा हप्ता सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक खास समाधान असतं. बाकीचे फसले, आपण नाही, असं.

गंमत अशी की दुसऱ्या हप्त्यातही दम नाही. दशांशचिन्हाची गोष्ट गाजली ती टेरेन्स हॅम्ब्लिन या ब्रिटिश डॉक्टरांमुळे. १९८१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या एका लेखात त्यांनी ती सांगितली, पण तिला संदर्भ जोडला नाही. नामांकित नियतकालिकात छापून आलेली, ऐकायला चटकदार आणि वर 'माहिती नेहमी तपासून घ्या' असा उपदेश करायला सोयीची. मग काय, पुस्तकांतून, भाषणांतून, अगदी शोधनिबंधांतूनही ती फिरत राहिली. २०१० मध्ये माइक सटन या गुन्हेगारीशास्त्राच्या अभ्यासकाने तिचा माग काढायला घेतला. सरकलेल्या दशांशचिन्हाचा काही केल्या पुरावा मिळेना. शेवटी त्याने पॉपायची मूळ स्ट्रिपच, म्हणजे वर्तमानपत्रात छापली जाणारी चित्रपट्टी, काढून वाचली. ३ जुलै १९३२ च्या पानावर पॉपाय पालक खाण्याचं कारण स्वतःच्या तोंडाने सांगतो: त्यात अ जीवनसत्त्व भरलेलं असतं आणि त्याने माणसं बळकट होतात. लोहाचं नावही नाही.

अर्ध्या जगाने पॉपायच्या तोंडी जे वाक्य घातलं, ते निदान त्या पानावर त्याने म्हटलेलं नाही. त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. एल्झी सीगरची 'थिंबल थिएटर' ही स्ट्रिप १९१९ पासून चालू होती. पॉपाय तिच्यात उगवला १७ जानेवारी १९२९ ला, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि तोही बोट चालवायला भाड्याने घेतलेला एक फुटकळ खलाशी म्हणून. सुरुवातीच्या त्या कथेत गोळ्या झेलूनही तो जगला तो पालकामुळे नव्हे. बर्नीस नावाच्या एका जादुई कोंबडीची पिसं चोळून. पालकवाल्यांनी आणि दशांशचिन्हवाल्यांनी या कोंबडीचं नावही ऐकलेलं नसतं.

क्षुल्लक माहिती म्हणून आपण जिला हिणवतो, तिची बाजू मला इथे घ्यायची आहे आणि तिला दोन शब्द सुनवायचेही आहेत. वेताळच्या लांडग्याचं नाव काय, स्नूपी कुणाचा कुत्रा, जादूगार मॅन्ड्रेकच्या जोडीदाराचं नाव सांगा, असल्या प्रश्नांवर क्विझच्या फेऱ्या निघतात. उत्तर बरोबर आलं की टाळी, की पुढचा प्रश्न. हे तुला कुठून कळलं, असं तिथे कुणी विचारत नाही. दुसऱ्या टोकाला विद्यापीठं. वर्तमानपत्रातल्या स्ट्रिपकडे त्यांनी कित्येक दशकं ढुंकूनही पाहिलं नाही, आणि त्यांचं पाहून ग्रंथालयांनीही नाही. या दोघांच्या मध्ये काही माणसं होती. तारखा जुळवणारी, कात्रणं चिकटवणारी, घरच्यांच्या शिव्या खाणारी. स्ट्रिपचा जो काही इतिहास आज आपल्या हाताशी आहे तो त्यांनी राखला. माझं म्हणणं एवढंच की हे काम यापुढे कुणाच्या वेडावर सोडून चालणार नाही. वर्तमानपत्राचं ते पान, कागदावर छापलेलं, रंगासकट, आजूबाजूच्या मजकुरासकट जपणं हे सार्वजनिक ग्रंथालयाचं काम आहे. अमेरिकेला ही अक्कल निम्मं घर जळाल्यावर आली.

बिल ब्लॅकबिअर्ड हे नाव खोटं वाटतं, पण खरं आहे. १९२६ मध्ये इंडियाना राज्यात जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात लढला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत फुटकळ लेखन करून राहू लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीला त्याला कळलं की शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड मायक्रोफिल्मवर, म्हणजे पानांचे बारीक फोटो साठवणाऱ्या फिल्मवर, उतरवले आहेत आणि खंड आता काढून टाकायचे आहेत. त्याने ते मागितले. उत्तर आलं की खाजगी माणसाला देता येत नाहीत, संस्था असेल तर बघू. टाकून द्यायला नियम आड येत नव्हता, मागणाऱ्याला द्यायला येत होता. सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या मराठी माणसाला यात काही नवल वाटणार नाही. ब्लॅकबिअर्डने १९६८ मध्ये सरळ संस्थाच काढली: 'सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट'. नाव भारदस्त, पत्ता त्याच्या भाड्याच्या घराचा.

मग तीस वर्षं हेच. देशभरातली ग्रंथालयं खंड काढत होती आणि हा उचलत होता. घराच्या खोल्या, गॅरेज, जिथे जागा मिळेल तिथे कागद. एकेका स्ट्रिपचा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंतचा क्रम लावायचा, मधला एखादा दिवस गहाळ असेल तर दुसऱ्या शहराच्या वर्तमानपत्रातून तो मिळवायचा, अशी त्याची पद्धत. १९९८ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने हा सगळा संग्रह घेतला तेव्हा तो न्यायला सहा ट्रेलर लागले. वजन सुमारे ७५ टन, आणि त्यात जवळजवळ २५ लाख कात्रणं आणि पानं. आज तो तिथल्या बिली आयर्लंड कार्टून ग्रंथालयात आहे. या कागदांतून काय निघालं, तर १९७७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने काढलेला वर्तमानपत्री कॉमिक्सचा तो जाडजूड संग्रह, ज्याने एका अख्ख्या पिढीला जुनी स्ट्रिप काय चीज होती हे पहिल्यांदा दाखवलं. 'क्रेझी कॅट'ची रविवारची पानं आज पुस्तकरूपात वाचायला मिळतात, तीही बऱ्याच अंशी याच ढिगाऱ्यातून.

या माणसाचं कौतुक करताना एक गोष्ट बोचते. त्याने कितीतरी खंडांतून स्ट्रिप कापून काढल्या. स्ट्रिपचा क्रम पूर्ण झाला, पण ती ज्या पानावर होती ते पान फाटलं. शेजारी कुठली जाहिरात होती, वर कुठल्या संपाची बातमी होती, खाली हवामानाचा अंदाज काय होता, हे त्या तुकड्यावरून कळत नाही. एकट्या माणसाला क्रम आणि पान यांतून एक निवडावं लागतं, जागा तेवढीच असते. ग्रंथालयाला ही निवड करावी लागली नसती.

कागद राहिल्यामुळे काय काय सुटतं याची उदाहरणं देत बसलो तर लेख संपणार नाही, पण एक दोन सांगतोच. पहिली कॉमिक स्ट्रिप कोणती? क्विझचं उत्तर: यलो किड, १८९५, 'न्यूयॉर्क वर्ल्ड', चित्रकार रिचर्ड आउटकॉल्ट. स्वित्झर्लंडच्या रोडॉल्फ टोपफरने त्याच्या कित्येक दशकं आधी चौकटींतून चित्रकथा सांगितल्या होत्या, म्हणजे 'पहिली' हा शब्द तिथेच डळमळतो. त्यात छापखान्याची दंतकथा: पिवळी शाई नीट वाळते का हे पाहायला ती त्या पोराच्या डगल्यावर लावून पाहिली आणि पोरगं पिवळं झालं. मूळ रंगीत पुरवण्या चाळल्या की दिसतं, पिवळा रंग त्याआधीही छापला जात होता. आणि हे पोरगं मे १८९५ मध्ये पहिल्यांदा रंगात आलं तेव्हा त्याचा डगला निळा होता. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी वर्तमानपत्राचा मालक हर्स्ट याने आउटकॉल्टला फोडून आपल्या 'जर्नल'मध्ये नेलं, 'वर्ल्ड'चा मालक पुलित्झर याने जॉर्ज लक्स या चित्रकाराला बसवून आपल्याकडचं पोरगं चालूच ठेवलं, आणि न्यूयॉर्कच्या वाचकाला दर रविवारी दोन यलो किड मिळू लागले. हे सगळं पानांवर आहे. पानं नसती तर शाई वाळवायची गोष्टच इतिहास झाली असती, कारण ती सांगायला सोपी आहे.

मायक्रोफिल्मचा खरा गुन्हा रंगाचा आहे. ग्रंथालयांनी जे उतरवलं ते काळंपांढरं. बातमीसाठी ते चालेल, रविवारच्या कॉमिक पुरवणीसाठी नाही. विन्सर मॅकेचं 'लिटल नेमो' १५ ऑक्टोबर १९०५ ला 'न्यूयॉर्क हेराल्ड'मध्ये सुरू झालं. दर रविवारी अख्खं पान, आणि ते पान आजच्या वर्तमानपत्रापेक्षा बरंच मोठं. १९०८ च्या जुलैतलं एक पान प्रसिद्ध आहे. नेमो पलंगावर आहे. पलंगाचे पाय हळूहळू लांब होऊ लागतात. पाय जसे वाढतात तशा पानावरच्या चौकटीही उंच होत जातात. पलंग खिडकीतून बाहेर पडतो, लांबलांब टांगा टाकत इमारतींवरून चालू लागतो, कुठेतरी अडखळतो, आणि शेवटच्या इवल्याशा चौकटीत नेमो आपल्या खोलीत जमिनीवर पडलेला. उंचीची ती भीती वाचकाला चौकटीच्या उंचीने वाटते. मायक्रोफिल्मवर हे पान करड्या डागांचा चिखल होतं. मोबाइलवर एकेक चौकट बोटाने सरकवत पाहिलं तर रंग दिसतात, पण कुठली चौकट किती उंच आहे हेच कळत नाही, मग पलंग वाढला काय न वाढला काय. २००५ मध्ये पीटर मरेस्का या संग्राहकाने ही पानं मूळ आकारात छापली, तेव्हा लोकांना शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कमधल्या पोराला काय दिसत होतं ते दिसलं. तेही कुणीतरी जपलेल्या मूळ पानांमुळेच.

जॉर्ज हेरिमनचं उदाहरण जरा वेगळ्या तऱ्हेचं आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं. त्याची 'क्रेझी कॅट' ही मांजर, इग्नात्झ हा उंदीर आणि ऑफिसर पप हा कुत्रा, असा तिघांचा तिढा. उंदीर मांजरीच्या डोक्यात वीट घालतो, मांजर ती वीट प्रेमाची खूण समजते, कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. १९१३ पासून १९४४ मध्ये हेरिमन वारेपर्यंत, एकतीस वर्षं हेच. मोठी लोकप्रियता कधी मिळाली नाही. मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्टला आवडायची म्हणून चालली. हेरिमन कोण, कुठला, याबद्दल कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. सहकारी त्याला 'ग्रीक' म्हणत आणि तो म्हणू देत असे. १९७१ मध्ये आर्थर असा बर्गर हे अभ्यासक एका चरित्रकोशासाठी नोंद लिहीत होते. नोंदीला जन्मतारीख, जन्मस्थळ लागतं. त्यांनी न्यू ऑर्लिन्सहून जन्मदाखला मागवला. १८८० चा दाखला, आणि त्यावर वंशाच्या रकान्यात नोंद होती: कृष्णवर्णीय.

याहून क्षुल्लक चौकशी कोणती असेल! अमक्याचा जन्म कुठे झाला. पण त्या एका रकान्यानंतर तीस वर्षांची पानं लोक पुन्हा वाचायला बसले. काळी मांजर, गोरा उंदीर. एका कथेत क्रेझी सौंदर्यालयात जाऊन गोरी होऊन बाहेर येते आणि कालपर्यंत विटा मारणारा इग्नात्झ तिच्यावर भाळतो. हेरिमनने आयुष्यभर ज्याबद्दल तोंड उघडलं नाही ते त्याने दर आठवड्याला लाखो लोकांसमोर मांडलं होतं का? मला वाटतं काही ठिकाणी हो, आणि काही ठिकाणी समीक्षक उगाच ताणतात. पण हा वाद घालायला पानं हवीत. दाखला मिळाला आणि पानं नसती, तर हेरिमनबद्दल आपल्याकडे एक क्विझचा प्रश्न तेवढा उरला असता.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: चांगल्या स्ट्रिपची पुस्तकं निघतातच की. निघतात. चार्ल्स शुल्झच्या 'पीनट्स'च्या १७,८९७ स्ट्रिप २००४ पासून पुढच्या बारा वर्षांत खंडांमागून खंड काढून संपूर्ण छापल्या गेल्या. शेवटची रविवारची स्ट्रिप १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली, शुल्झ आदल्या रात्रीच गेले होते, हे सगळं आपल्याला नेमकं ठाऊक आहे. पण 'पीनट्स'मधल्या स्नूपी कुत्र्याचं कौतुक काय सांगता? तो श्रीमंताघरचा आहे. १९६९ मध्ये 'अपोलो १०'च्या चांद्रयानाला त्याचं नाव होतं. त्याचा इतिहास बाजारच सांभाळतो. जी स्ट्रिप चार वर्षं चालली आणि बंद पडली, जिच्या चित्रकाराचं नाव कुणाला आठवत नाही, तिचं पुस्तक कोण काढणार? आणि काळाची चव कळते ती अशाच मालातून.

शिवाय पुनर्मुद्रण म्हणजे साफसफाई. मॅन्ड्रेकचा जोडीदार लोथार ज्यांनी इंद्रजाल कॉमिक्समध्ये वाचला त्यांना तो धिप्पाड, शहाणा, बरोबरीचा मित्र म्हणून आठवतो. १९३४ मध्ये स्ट्रिप सुरू झाली तेव्हाचा लोथार बिबट्याचं कातडं पांघरलेला, डोक्यावर तुर्की टोपी, तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा नोकर होता. लेखक ली फॉकने आणि चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्सने त्याला माणसात आणलं ते १९६० च्या दशकात. जुनं छापताना प्रकाशकाला असली पानं नकोशी वाटतात, आणि व्यापारी म्हणून त्याचं चूकही नाही. ग्रंथालयाला मात्र नकोसं वाटण्याचा अधिकार नाही. अमेरिकन वर्तमानपत्राने काळ्या माणसाला दररोज सकाळी कसं दाखवलं आणि ते कधी बदललं, हे कुणाला तपासायचं असेल तर न धुतलेली पानं कुठेतरी असली पाहिजेत.

दुसरा आक्षेप कागदाचा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, पिवळा पडतो, भुगा होतो. मग मायक्रोफिल्म केली तर बिघडलं कुठे? निकल्सन बेकर या लेखकाने २००१ मध्ये या युक्तिवादावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ग्रंथालयांत एक चाचणी असे: पानाचा कोपरा दुमडायचा, उलट दुमडायचा, असं करत राहायचं, आणि ठराविक वेळांत तुटला की ते पुस्तक मेलं असं समजायचं. बेकरचा प्रश्न साधा होता. वाचताना पानाचा कोपरा मागेपुढे दुमडत कोण बसतं? पान उलटायचं असतं. बंद खंडात, अंधारात, कोरड्या जागी तो कागद शंभर वर्षं टिकला होता, आणि त्याला मरणपंथाला लागल्याचा दाखला देऊन फाडला गेला. १९९९ मध्ये ब्रिटिश लायब्ररी आपल्याकडचे परदेशी वर्तमानपत्रांचे खंड विकायला निघाली, तेव्हा बेकरने म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी मोडून त्यातला मोठा भाग विकत घेतला. त्यात पुलित्झरच्या 'वर्ल्ड'चे रंगीत पुरवण्यांसह खंड होते. पुढे ते ड्यूक विद्यापीठाकडे गेले. पुन्हा तेच: एक कादंबरीकार स्वतःच्या खिशातून सार्वजनिक काम करतो, आणि ज्यांच्याकडे ते काम सोपवलेलं आहे ते जागेचं कारण सांगतात. जागा लागते हे खरंच आहे. पण जागा हेच तर ग्रंथालयाचं भांडवल.

आता आपल्याकडे. मराठी वाचकाचं या स्ट्रिपशी नातं ऐकीव नाही. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, १९९० पर्यंत ते चाललं, आणि मराठीतही निघालं. वेताळची कवटीची गुहा, मॅन्ड्रेकचं झनाडू या गोष्टी दोन पिढ्यांच्या बालपणात आहेत. पण इंद्रजालमधला वेताळ हा वर्तमानपत्रातला वेताळ नव्हे. रोजच्या तीन चार चौकटींच्या पट्ट्या कापून, जोडून, कुठे गाळून त्याचं पुस्तक व्हायचं. मूळ कथेत वेताळचा देश 'बंगाला', भारतीय आवृत्तीत तो 'डेंकाली' झाला. 'सिंग' नावाचे चाचे 'सिंगा' झाले. कारण उघड आहे: इथल्या वाचकाला बंगाल आणि सिंग ही नावं घरची, आणि चाच्यांना ती देणं बरं दिसलं नसतं. एका अमेरिकन स्ट्रिपने भारताचं जे चित्र काढलं ते भारतात छापताना इथल्या संपादकांनी कसं दुरुस्त केलं, हा उत्तम अभ्यासाचा विषय आहे. मराठी अनुवादकांनी कुठले उद्गार घडवले, कुठे मऊ केलं, कुठे कडक, हाही. त्यासाठी अंक एकाखाली एक लावून बसावं लागेल. आज ते अंक संग्राहकांच्या कपाटांत आहेत आणि जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर चढ्या भावाने विकले जातात. संग्राहकाला दोष द्यायची माझी तयारी नाही. त्याने घेतले नसते तर त्यांत भेळ गेली असती.

'चिंटू'चं तसंच. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही मालिका १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झाली आणि पुण्यातल्या कितीतरी घरांत वर्तमानपत्र मागच्या बाजूने उघडायची सवय लागली. तिचे संग्रह निघाले आहेत, छान आहेत. पण रोजची स्ट्रिप रोजच्या दिवसाला चिकटलेली असते. पाऊस लांबला त्या आठवड्यात चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या काय करत होते, परीक्षांच्या दिवसांत काय, गणपतीत काय, हे तारखेशिवाय कळत नाही. नव्वदच्या दशकातलं मध्यमवर्गीय मराठी घर कसं बोलायचं, टीव्हीसमोर कसं बसायचं, आईबाबा कशावरून रागवायचे, याची इतकी सलग, दिवसागणिक नोंद दुसरीकडे कुठे सापडेल? कादंबरीकार घर लिहितो ते वीस वर्षांनी, आठवून.

आणि स्कॅन करून ठेवलं की झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी 'आवाज'च्या दिवाळी अंकातलं एक खिडकीचित्र घ्यावं. वरच्या पानाला खिडकी कापलेली असते. तिच्यातून खालच्या पानाचा एक तुकडा दिसतो आणि मनात भलतंच येतं. पान उलटलं की खाली काहीतरी अगदी सोज्वळ चाललेलं असतं, आणि आपण आपल्याच मनावर हसतो. याची पीडीएफ करा. एक भोक पडलेलं पान, त्यानंतर एक निरुपद्रवी चित्र. विनोद गेला. तो उलटण्याच्या कृतीत होता, तिथे बोटं लागतात. अमेरिकेत रंग गेले, आपल्याकडे खिडक्या जातील.

मराठीला ही परंपरा परकी नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतल्या मराठी ग्रंथांची सूची केली, आणि आजही मराठी पुस्तकाबद्दल काही पक्कं सांगायचं झालं की संशोधक तिच्याकडे वळतो. मुखपृष्ठ, आकार, पृष्ठसंख्या, मुद्रक. क्षुल्लकच माहिती सगळी. चित्रपट्ट्यांची अशी सूची व्हायला हवी. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पुरवणी, चित्रकार, लेखक, भाषांतर असेल तर भाषांतरकार, रंगीत की काळीपांढरी. हे काम विद्यापीठाच्या मराठी विभागातल्या चार विद्यार्थ्यांना दोन वर्षं दिलं तर सुरू होईल, आणि क्विझमध्ये पटापट उत्तरं देणाऱ्या मंडळींना यात ओढून घेतलं तर जास्त चांगलं होईल. त्यांना अट एकच घालावी: उत्तराबरोबर अंकाची तारीख द्यायची.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. प्रकाशकांनी ग्रंथांच्या प्रती ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्यात हा कायदा १९५४ चा. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्या ग्रंथालयांपैकी एक. तेव्हा मराठी वर्तमानपत्रांचे खंड जपणं ही कुणाची हौस नाही, नेमून दिलेलं काम आहे, आणि पुरवण्या मुख्य अंकासोबत बांधल्या जातात की सुट्या पडून निघून जातात हे विचारायचा वाचकाला हक्क आहे.

उरला स्वामित्वहक्काचा बागुलबुवा. वर्तमानपत्रं आपल्या जुन्या पानांवर बसून राहतात आणि ग्रंथालयं 'परवानगी कोण देणार' म्हणून हात झटकतात. स्वामित्वहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने यातला एक भाग मोकळा केला आहे. बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी एखादी कृती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवून ठेवता येते. अट अशी की त्या कृतीची डिजिटल नसलेली, म्हणजे आपल्या बाबतीत कागदावरची, प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. जागा नाही म्हणून ज्या ग्रंथालयाने जुन्या पुरवण्या टेम्पोत भरून रद्दीत पाठवल्या, त्याने त्या स्कॅन करण्याचा आपला हक्कही त्याच टेम्पोत चढवला.